डाव्या हाताला, पहाटे पावणेचारला

लोक विचारतात, सगळ्यात छान कुठून दिसतं?
मी सांगतो, नाळेवर जाऊ नका.
तिथे वारा कानशिलात देतो, टोप्या नेतो,
आणि तुमच्यापुढे कायम कुणाची तरी पाठ असते.
नवव्या डेकवरच्या काचेच्या दालनात ऊब आहे, कॉफी आहे,
पण काचेत हिमनदीपेक्षा स्वतःचंच तोंड जास्त.
हिमनदी बघायची तर पिछाडीला या,
दोरखंडांच्या वेटोळ्यांपाशी.
जहाज तिच्यासमोर गिरकी घेऊन निघतं,
तोवर नाळेवरचे जेवायला गेलेले असतात
आणि ती निळी, अर्धा तास, आपली एकट्याची.
डॉल्फिनसाठी चौथा डेक, उजवी बाजू, लॉन्ड्रीच्या झरोक्याखाली.
साबणाची वाफ पायांवर येते, बोटं गारठत नाहीत.

बारा वर्षं फरशी पुसता पुसता कळलंय हे.
चिलोए बेटावरचा माणूस मी.
पाऊस आम्हाला नवा नाही,
दिसणं नवं आहे.

सेन्योरा एदेल्मिरा पुएर्तो मोंतला चढली.
घडीची खुर्ची, एक वही, गळ्यात पुरुषी मफलर.
पहिल्या दिवशी नववा डेक, दुसऱ्या दिवशी सातवा, मग पाचवा.
जागोजागी रेलिंगवर कोपर टेकून वाकायची
आणि वहीत फुली मारायची.
मला वाटलं, देवमासे.

"देवमासे नकोत. डावी बाजू हवी.
पाण्यापासून फार उंच नको,
पाठीमागे दिवा नको."
कधी?
"परवा पहाटे, पावणेचारला."

त्या वेळी तिथे काय आहे?
एक काळा खडक, वर दीपगृह.
मी तसं म्हणालोसुद्धा.
"त्या खडकावर मी अकरा वर्षं बटाटे उकडलेत," ती म्हणाली.
"रोसामेल दिवा सांभाळायचा, मी रोसामेलला.
रात्री जहाजं जायची, लग्नघरासारखी उजळलेली.
मी दर जहाजाला स्वयंपाकघराच्या खिडकीतून
तीनदा कंदील दाखवायचे.
तो म्हणायचा, वेडे, तिकडून आपण कुठले दिसतो!
दिसतो, मी म्हणायचे.
नाही, तो म्हणायचा.
आता तो नाही.
भांडण तेवढं राहिलंय."

तिसऱ्या डेकवर एक लोखंडी दार आहे,
मार्गदर्शक खलाशी चढतो ते.
आम्ही तिथे चोरून सिगारेट ओढतो. प्रवाशांना बंदी.
पावणेचारला मी ते उघडलं
आणि बोळातला दिवा घालवला.
(मुकादमाला सांगितलं, बल्ब गेलाय.)

पाऊस होता. असणारच.
आधी नुसता उजेड आला,
आला, गेला, आला,
आता तो कुणाच्या हाताने लागत नाही.
मग त्याच्या पायाशी काहीतरी फिकट, चौकोनी,
छप्पर नसलेलं.
ती काही बोलली नाही.
हात लांब केला, एक डोळा मिटला, अंगठा धरला.
नखामागे सगळं गेलं:
चूल, खिडकी, वाळत घातलेले मोजे, तो.
अंगठा काढला. पुन्हा धरला.
पुन्हा काढला.

"दिसतं," ती म्हणाली.
आणि जरा वेळाने,
"पण कंदील दिसला असता का रे?"

हो म्हणायला काय जात होतं?
पण बारा वर्षं मी लोकांना
कुठून काय दिसतं तेच सांगत आलोय.
तोंडातून निघून गेलं:
"अशा पावसात नाही, सेन्योरा.
एखाद्या कोरड्या रात्री, कदाचित."

ती इतकी हसली की मला तिचा दंड धरावा लागला,
खाली काळं पाणी वेगाने मागे जात होतं.
"कोरडी रात्र!" ती म्हणाली. "तिथे!
जिंकला म्हातारा."

दुसऱ्या दिवशी हिमनदी आली.
पिछाडीला मी तिची खुर्ची मांडून ठेवली होती, पुसून.
ती नाळेवर होती, गर्दीत,
कुणाच्या तरी पाठीमागे,
टाचा उंचावून.
टोपी केव्हाच गेलेली.